मिर्याम: कडूपणा, बंड, समुद्राचा तारा की प्रिय? नावाचा उगम आणि अर्थ

शोधयात्री

मुलींच्या नावांच्या याद्या आणि बायबल अभ्यासाच्या पुस्तिका चाळल्या तर मिर्याम या एका नावापुढे हे सगळे अर्थ दिसतात: बंड, कडूपणा, कडू समुद्र, समुद्राचा तारा, स्वामिनी, प्रिय, इच्छिलेले मूल. हे सगळे एकाच वेळी खरे असणे शक्य नाही. यातला कोणता अर्थ शास्त्रपाठात आहे, कोणता नंतरच्या भाष्यकारांचा आणि कोणता भाषाशास्त्रातून आलेला, हे वेगवेगळे मांडावे म्हणून हा धागा. कृपया अध्याय आणि वचन देऊन लिहावे. "असं म्हणतात" एवढ्यावर थांबू नये ही विनंती.

---

मेम_रेश

सुरुवात अक्षरांपासून करू. हिब्रू पाठात नाव चार व्यंजनांत लिहिलेले आहे: मेम, रेश, योद, मेम. उजवीकडून डावीकडे लिहितात आणि शेवटचा मेम शब्दान्ती येतो म्हणून बंद चौकोनी आकाराचा असतो. स्वरचिन्हे नंतरची. तिबेरियातल्या मसोरेती शास्त्र्यांनी (हिब्रू बायबलचा पाठ जपणाऱ्या यहुदी विद्वानांनी) ती सुमारे ७ व्या ते १० व्या शतकात लावली आणि त्यांच्या पाठाप्रमाणे उच्चार होतो मिर्-याम, आघात शेवटच्या अवयवावर (उच्चाराच्या तुकड्यावर).

हिब्रू बायबलमध्ये हे नाव १५ वेळा येते. निर्गम १५:२० आणि २१, गणना १२ व्या अध्यायात सात वेळा, मग गणना २०:१ (कादेश येथे मृत्यू), गणना २६:५९ (वंशावळ: अम्राम आणि योखबेद यांची अहरोन, मोशे आणि त्यांची बहीण मिर्याम), अनुवाद २४:९, मीखा ६:४, आणि १ इतिहासात दोनदा. निर्गम २ मध्ये लव्हाळ्याच्या पेटीवर नजर ठेवणारी बहीण आहे, पण तिथे तिचे नाव दिलेले नाही. ती मिर्याम हे आपण वंशावळीवरून जोडतो.

आता मुख्य मुद्दा. या १५ ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी नावाचा अर्थ सांगितलेला नाही. मोशेचा सांगितला आहे (निर्गम २:१०, "पाण्यातून ओढून काढले"), गेर्षोमचा सांगितला आहे (निर्गम २:२२), इसहाकाचा आणि याकोबाच्या मुलांचा सांगितला आहे. मिर्यामचा नाही. त्यामुळे "बायबलनुसार मिर्याम म्हणजे अमुक" हे वाक्य कोणत्याही अर्थासाठी लिहिता येत नाही. भाष्यकारांनुसार, कोशकारांनुसार, असेच लिहावे लागते.

पण एक गोष्ट पाठात नक्की आहे आणि ती भाषांतरात पूर्ण हरवते. हीच चार अक्षरे तीन ठिकाणी वेगळ्या शब्दाची म्हणून येतात.

पहिली जागा निर्गम १५:२३. मिर्याम डफ घेऊन गाते ती वचने २० आणि २१. लगेच दोन वचनांनंतर लोक मारा येथे पोचतात, आणि तिथले पाणी पिता येत नाही "कारण ते कडू होते". तिथला "कडू" हा अनेकवचनी शब्द मारीम, व्यंजने मेम-रेश-योद-मेम.

दुसरी गणना २०:१०. त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात मिर्याम मरते, दुसऱ्यात पाणी संपते, आणि दहाव्यात मोशे लोकांना म्हणतो, "अहो बंडखोरांनो, ऐका". बंडखोर म्हणजे मोरीम. इथे तो शब्द ओ-कारासाठीचा वाव न घालता लिहिला आहे, म्हणून शब्दाच्या सुरुवातीचा उपपदाचा (इंग्रजी the सारखा) "ह" सोडला की पुन्हा तीच चार अक्षरे उरतात.

तिसरी नहेम्या ९:१७. तिथे "त्यांच्या बंडाळीत" या अर्थाचा शब्द आहे बे-मिर्याम. इथे व्यंजनेच काय, स्वरसुद्धा नावाशी तंतोतंत जुळतात.

स्वरचिन्हे नसलेल्या गुंडाळीवर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ही अक्षरे सारखीच येत होती. कडू आणि बंड हे दोन अर्थ नावाला चिकटले त्याचे मूळ इथे आहे. मला हे अतिशय सुंदर वाटते. पण हा पाठातला शब्दांचा खेळ आहे, नावाची व्युत्पत्ती नव्हे. दोन्हींची गल्लत होते तिथूनच सगळा गोंधळ सुरू होतो.

---

पोथीवाचक

नहेम्या ९:१७ चे काही भाषांतरांत "मिसर देशात" असे का येते? तिथे तर बंडाचा शब्दच दिसत नाही.

---

मेम_रेश

@पोथीवाचक, ग्रीक भाषांतरामुळे. सेप्टुआजिंटमध्ये तिथे "मिसरात" असे आहे. हिब्रूत मिसर म्हणजे मित्स्राईम: मेम, त्सादे, रेश, योद, मेम. बे-मिर्याम आणि बे-मित्स्राईम यांत फरक फक्त एका त्सादेचा. गणना १४:४ मध्ये लोक "एक पुढारी नेमून मिसरात परत जाऊ" म्हणतात आणि नहेम्या त्याच प्रसंगाची आठवण देतो, म्हणून बरेच भाषांतरकार ग्रीक वाचन स्वीकारतात. मसोरेती पाठ जसाच्या तसा घेतला तर "त्यांच्या बंडाळीत".

---

रेवदंडेकर

बंड या अर्थाचा प्रसार जालावर इतका का, तेही सांगतो. जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० च्या शब्दसूचीत हिब्रू शब्दांना क्रमांक आहेत. मिर्यामचा क्रमांक ४८१३, आणि तिथे हे नाव ४८०५ म्हणजे मेरी (बंड) या शब्दापासून आले असे एका ओळीत दिले आहे. बायबलची जवळजवळ सगळी मोफत ॲप हेच क्रमांक वापरतात. त्यामुळे नावावर बोट ठेवले की पहिला अर्थ "बंड" येतो आणि तोच याद्यांमध्ये उतरवला जातो. वचन शोधायला ते साधन उत्तम आहे. मात्र विशेषनामांच्या व्युत्पत्तीसाठी १९ व्या शतकातली ती एक ओळ पुरेशी नाही. उगारित हे सिरियाच्या किनाऱ्यावरचे प्राचीन नगर तेव्हा उत्खननात निघालेच नव्हते.

व्याकरणाची अडचणही आहे. मेरी + आम म्हणजे "त्यांचे बंड". हिब्रू व्यक्तिनामांचे साचे ठरलेले आहेत: देवाविषयी छोटे वाक्य (नथनेल, देवाने दिले), प्राणी किंवा झाड (दबोरा मधमाशी, राहेल मेंढी, तामार खजूर), कौतुकाचे विशेषण (नामी, गोड). "त्यांचे अमुक" अशा षष्ठीच्या रूपात मुलीचे नाव ठेवण्याचा साचा त्यात बसत नाही.

---

शोधयात्री

फार मोलाची माहिती. "समुद्राचा तारा" कुठून आला? हिब्रूत तारा म्हणजे कोखाव ना? मिर्याममध्ये तो कुठेच नाही.

---

लातीनपाठी

बरोबर, तारा हिब्रूत नाहीच. हा प्रवास ग्रीक-लॅटिन नामकोशांतून झाला.

संत जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस हिब्रू नावांचा लॅटिन कोश केला. त्यात ते आधीच्या ग्रीक याद्यांमधले अर्थ देतात: प्रकाश देणारी, समुद्राचा गंधरस. हे पटत नाही म्हणतात आणि स्वतःची पसंती देतात: समुद्राचा तारा किंवा कडू समुद्र. शिवाय सिरियाक भाषेत मरिया म्हणजे स्वामिनी, अशीही नोंद करतात. याद्यांतले निम्मे अर्थ या एकाच परिच्छेदातून निघालेले आहेत, म्हणून प्रत्येक तपासून घेऊ.

"प्रकाश देणारी" साठी मेईर हा शब्द धरला आहे. त्यात आलेफ हे अक्षर आहे, नावात आलेफ नाही. बाद.

"समुद्राचा गंधरस" म्हणजे मोर (हिराबोळ) + याम (समुद्र). अक्षरे जुळतात, पण स्वर जुळत नाहीत, आणि अर्थाला आधार नाही.

"कडू समुद्र" म्हणजे मार + याम. हिब्रूत विशेषण नामानंतर येते. कडू समुद्र म्हणायचे तर याम मार व्हायला हवे. मार याम असा उलटा क्रम विशेषण म्हणून चालत नाही.

"समुद्राचा तारा". इथे खरी गंमत आहे. हिब्रूत मार या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, थेंब. तो साऱ्या हिब्रू बायबलमध्ये एकदाच येतो, यशया ४०:१५ मध्ये: राष्ट्रे "पोहऱ्यातल्या थेंबासारखी" आहेत. जेरोमच्याच लॅटिन बायबलात तिथे थेंबासाठी स्तिल्ला हा शब्द आहे. मार + याम म्हणजे समुद्राचा थेंब, लॅटिनमध्ये स्तिल्ला मारिस. हा समास हिब्रू व्याकरणात बसतो. तारा म्हणजे स्तेल्ला. इ आणि ए यांचा फरक. म्हणून अनेक अभ्यासकांचे मत असे की जेरोमने थेंब लिहिले आणि नकलताना तारा झाला. आज मिळणाऱ्या हस्तलिखितांत मात्र तारा आहे, आणि तोच रूढ झाला. ७ व्या शतकात सेविल्यच्या इसिदोरने "प्रकाश देणारी किंवा समुद्राचा तारा" अशी नोंद केली, पुढे "आवे मारिस स्तेल्ला" हे स्तोत्र आले, १२ व्या शतकात क्लेर्व्होच्या बर्नार्डने वादळात ताऱ्याकडे पाहा, मरियेला हाक मारा, असे प्रवचन केले. खलाशी आणि कोळी समाजांत ही भक्ती खोल रुजली. एका स्वरावर उभ्या राहिलेल्या या अर्थाने हजार वर्षे माणसांना आधार दिला, तेव्हा भक्तिपरंपरेत त्याचे स्थान पक्के आहे. व्युत्पत्ती म्हणून मात्र तो देऊ नये.

---

मार्थाची_बहीण

"स्वामिनी" बद्दल एवढेच. आरामाईकमध्ये मार, मारा म्हणजे स्वामी आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप मार्ता. म्हणजे "स्वामिनी" हा अर्थ मार्था या नावाचा आहे. लूक १०:३८-४२ मध्ये मार्था आणि मरीया या बहिणी शेजारी शेजारी येतात. मरीया नावात स्त्रीलिंगी "त" नाही, त्यामुळे हा अर्थ तिला लावता येत नाही.

---

नीलकाठ

आता "प्रिय". हा मिसरी सिद्धान्त आहे आणि गांभीर्याने घेण्यासारखा आहे, पण जालावर तो सिद्ध झाल्यासारखा मांडतात ते चूक.

बाजूने काय आहे? लेवी घराण्यात मिसरी नावे खरोखर आहेत. मोशे हे नाव मिसरी "मेस" (जन्मणे) या धातूशी बहुतेक अभ्यासक जोडतात, थुतमोसमधला मोस तोच. फिनहास हे पा-नेहेसी, म्हणजे न्युबियन किंवा दक्षिणेकडचा. मग बहिणीचेही मिसरी असू शकते. मिसरीत "मरी" धातू म्हणजे प्रेम करणे, आणि त्यावरून स्त्रियांची नावे भरपूर: अखेनातेनची मुलगी मेरितातेन, दुसऱ्या रामेसेसची मुलगी मेरितामुन.

अडते कुठे? शेवटच्या मेमवर. "प्रिय" चे स्त्रीलिंगी रूप मेरित. त्यातला "त" उच्चारात गळला असे धरले तरी "म" कुठून आला याचे उत्तर मिळत नाही. काहीजण "याहची प्रिय" म्हणतात, पण मग शेवटी ह हवा, म नव्हे. काहीजण "मेरी-आमून" चा संक्षेप म्हणतात. मेरी-आमून हे राजांचे बिरुद होते हे खरे, पण संक्षेपात देवाच्या नावातला नेमका "म" शिल्लक राहून "न" गळावा असे हिब्रूत गेलेले दुसरे उदाहरण पुढे ठेवता येत नाही.

तेव्हा लिहायचे असल्यास असे लिहा: "मिसरी मरी (प्रेम करणे) या धातूशी संबंध सुचवला जातो, शेवटच्या व्यंजनाचा उलगडा होत नाही."

---

रेवदंडेकर

@नीलकाठ, शेवटच्या मेमसाठी सेमिटिक बाजूने उत्तर आहे. पश्चिम सेमिटिक नावांत -आम हा अन्त्य प्रत्यय दिसतो. उत्पत्ती ३६ मधली ओनाम आणि गाताम ही नावे पाहा. तसे धरले तर मूळ मरी- आणि प्रत्यय -आम.

किंवा संपूर्ण चारही व्यंजने एकाच शब्दाची माना. सिरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा येथे १९२९ पासून उगारितच्या मातीच्या पाट्या निघाल्या. त्यात बाल देवाच्या डोंगराविषयी "मरयम सापोन" म्हणजे सापोनची उंची, शिखरे, असा शब्द येतो. व्यंजने म-र-य-म. हिब्रू मारोम (उंच स्थान) त्याचाच नातलग. यावरून नावाचा अर्थ "उंच, उन्नत" असा सुचवला जातो. व्यंजनांचा मेळ सर्वांत नेमका इथे बसतो, म्हणून मला स्वतःला हा पर्याय सगळ्यांत मजबूत वाटतो.

राहिलेले दोन: "इच्छिलेले मूल" हे अरबी मराम (इच्छा, हेतू) या शब्दाशी ताडून सुचवलेले आहे, आणि "देणगी" हे अक्कडी रीमूतूशी ताडून. दोन्ही शक्यतेच्या पातळीवर. "धष्टपुष्ट, सुडौल" हाही एक अर्थ, म-र-आलेफ धातूवरून. ऑटो बार्डेनहेवर यांनी १८९५ मध्ये या नावाच्या अर्थांचा इतिहास लिहिला, सुमारे ७० अर्थ गोळा केले आणि शेवटी हा निवडला. पण त्यांचे लेखनही उगारितच्या आधीचे.

---

शोधयात्री

मग मूळ उच्चार मिर्याम की मर्याम? अरबी, सिरियाक, ग्रीक सगळीकडे "म" ला अ आहे. एकट्या हिब्रूत इ.

---

मेम_रेश

मर्याम जुने. पुरावा सरळ आहे.

तोरह (बायबलची पहिली पाच पुस्तके) ग्रीकमध्ये आली अलेक्झांड्रियात, इ. स. पूर्व ३ ऱ्या शतकात. तिथे मारियाम. मसोरेती स्वरचिन्हे त्यानंतर हजारेक वर्षांनी. मधल्या काळात हिब्रू उच्चारात एक बदल झाला: आघात नसलेल्या बंद अवयवातला अ हा इ झाला. हा एका नावापुरता बदल नाही. ग्रीकात साम्प्सोन, हिब्रूत शिम्शोन. ग्रीकात बलाम, हिब्रूत बिल्आम. ग्रीकात माग्दाला, हिब्रूत मिग्दाल (बुरूज). मर्याम > मिर्याम हे त्याच रांगेत बसते.

मराठी बायबल वाचणाऱ्यांनी एक पाहावे. आपल्याकडे शमशोन, बलाम, मग्दालीया ही रूपे अ-कारी आहेत, आणि मिर्याम तेवढे इ-कारी. दोन थर एकाच पुस्तकात शेजारी शेजारी आहेत.

याचा अर्थाशी थेट संबंध आहे. "मिर्याम = मेरी + आम" ही फोड इ-कारावर उभी आहे. इ-कारच उत्तरकालीन असेल तर त्या फोडीचा पायाच सुटतो.

---

पोथीवाचक

नव्या करारात मरीया. मधला म कुठे गेला?

---

लातीनपाठी

तो मधला नव्हे, शेवटचा. ग्रीक पाठात दोन रूपे आहेत. मारियाम हे हिब्रूसारखे, विभक्ती न लागणारे, आणि मारिया हे ग्रीक वळणाचे, विभक्ती लागणारे. लूक १:२७ मध्ये "त्या कुमारिकेचे नाव" मारियाम असेच आहे. इतरत्र, विशेषतः मग्दालीयेसाठी, मारिया जास्त. प्रतींमध्येही फरक पडतात.

हा बदल केवळ ग्रीकांनी केला असेही नाही. यरुशलेम परिसरात सापडलेल्या, मृतांच्या अस्थी ठेवण्याच्या दगडी पेट्यांवर हिब्रू-आरामाईक लिपीत मिर्याम आणि मर्या अशी दोन्ही रूपे कोरलेली आहेत. म्हणजे म गाळून हाक मारण्याची पद्धत स्थानिक लोकांतही होती.

लॅटिनमध्ये तर आणखी सोपे झाले, कारण मारिया या लॅटिन रूपाची द्वितीया मारियाम अशीच होते. शिवाय रोममध्ये मारियुस नावाचे कुळ होते (सेनापती गायुस मारियुस त्यातला) आणि त्या कुळातली स्त्री ती मारिया. हे नाव हिब्रूशी संबंध नसलेले, केवळ उच्चाराने सारखे. म्हणून रोमकरांस १६:६ मधली मरीया यहुदी होती की मारियुस कुळाशी संबंधित, यावर अभ्यासकांत चर्चा आहे.

मराठी वाचकांनी खास लक्षात ठेवावे: आपल्या भाषांतरात जुन्या करारात मिर्याम आणि नव्यात मरीया असल्यामुळे ही दोन वेगळी नावे वाटतात. जेरोमच्या लॅटिनमध्ये मोशेची बहीणसुद्धा मारियाच आहे. येशूची आई, मग्दालीया, बेथानीची मरीया, याकोबाची आई, क्लोपाची मरीया, मार्क म्हटलेल्या योहानाची आई (प्रेषितांची कृत्ये १२:१२): या सगळ्या मोशेच्या बहिणीच्या नावाच्या आहेत.

---

शोधयात्री

जुन्या करारात एखाददुसरी आणि नव्यात इतक्या, हे का?

---

रेवदंडेकर

इ. स. पूर्व शेवटची दोन शतके आणि इ. स. पहिले शतक या काळात यहुदी स्त्रियांत हे सर्वांत जास्त आढळणारे नाव आहे. दुसरे सलोमे. हास्मोनी या यहुदी राजघराण्याचा प्रभाव हे एक कारण दिले जाते. हेरोदची राणी मरियम्ने त्याच घराण्यातली. तिला इ. स. पूर्व २९ मध्ये त्यानेच ठार केले. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस तिचे नाव मरियम्मे असे, दोन म घालून लिहितो. "न" हे अक्षर असलेले मरियम्ने हे रूप नंतरचे.

---

नवगाव

यहुदी परंपरेतला अर्थ कोणी सविस्तर लिहिला नाही म्हणून लिहिते.

रब्बींच्या (यहुदी धर्मशास्त्र्यांच्या) भाष्यांत मिर्याम म्हणजे कडूपणा, आणि तो समुद्राचा किंवा तिच्या स्वभावाचा नव्हे. निर्गम १:१४ मध्ये मिसऱ्यांनी इस्राएलांचे जीवन "कडू केले" असे आहे, क्रियापद वायमारेरू, धातू म-र-र. सेदेर ओलाम रब्बा हा कालगणनेचा जुना ग्रंथ हिशेब मांडतो: सर्वांत कठीण गुलामी ८६ वर्षांपेक्षा कमी नव्हती, मिर्यामच्या वयाइतकी, आणि कडूपणामुळेच तिला हे नाव मिळाले. निर्गम ७:७ नुसार सुटकेच्या वेळी मोशे ८० आणि अहरोन ८३ वर्षांचा. थोरली बहीण ८६ हे त्यात बसते. म्हणजे परंपरेत हे नाव म्हणजे ज्या वर्षी गुलामी कडू झाली त्या वर्षाची खूण आहे.

भाषाशास्त्राने यावर आक्षेप घेता येतो: म-र-र धातूत दोन रेश हवेत, नावात एकच आहे आणि योद जास्तीचा आहे. पण परंपरा व्युत्पत्तीचा दावा करत नाही, ती नावावरून इतिहास सांगते. हा अर्थ देताना "रब्बी परंपरेत" हे दोन शब्द जोडले की झाले.

त्याच धातूचा दुसरा शब्द सणाच्या ताटात असतो. पेसाख म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या सेदेर या विधिभोजनात खातात ती कडू भाजी, मारोर. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांसाठी हग्गादा (सेदेरमध्ये वाचायची पोथी) मराठी भाषांतरासह छापली गेली, त्यातली एक पुण्यात १८७४ साली. हिब्रूशेजारी मराठी असल्यामुळे कडू जीवन आणि कडू भाजी यांचा संबंध मराठी वाचकाला एकाच पानावर कळतो.

आणखी एक. तआनीत ९अ मध्ये तालमूद हा रब्बींचा ग्रंथ म्हणतो की रानात इस्राएलांना विहीर मिळाली ती मिर्यामच्या पुण्याईने. गणना २०:१ मध्ये ती मरते आणि २०:२ मध्ये पाणी नाही, यावरून हे काढले आहे. "मिर्याम म्हणजे पाणी" असे कुठे वाचले तर त्याचे मूळ हे, नावाची फोड नव्हे.

---

किताबदार

कुराणाची बाजू. अरबीत मर्यम, म्हणजे सिरियाकसारखे जुने अ-कारी रूप. कुराणात नावाने उल्लेख असलेली ही एकमेव स्त्री. नाव ३४ वेळा येते आणि १९ वी सूरा तिच्या नावाची आहे. ३:३५-३६ मध्ये इमरानची पत्नी पोटातले मूल देवाला वाहते आणि मुलगी झाल्यावर म्हणते, "मी तिचे नाव मर्यम ठेवले". जमख्शरी हे भाष्यकार इथे अर्थ देतात "उपासना करणारी". हाही अर्थ प्रसंगातून आला आहे: आई मुलीला उपासनेसाठी वाहते आहे. महाराष्ट्रात मरियम नावाचा अर्थ विचारला तर मुस्लिम कुटुंबांत पुष्कळदा हाच सांगितला जातो, आणि तो त्या परंपरेतला म्हणून योग्यच आहे.

१९:२८ मधल्या "हारूनची बहीण" या संबोधनावर नेहमी प्रश्न येतो. सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये उत्तर आहे: लोक आपल्या आधीच्या पैगंबरांची आणि सज्जनांची नावे ठेवत.

---

अक्षरजुळारी

देवनागरी लेखनाबद्दल. "मिर्याम" रफाराने लिहावे, "मिऱ्याम" असे लिहू नये. मराठीत हा फरक उच्चाराचा आहे. आचार्यांना आणि आचाऱ्यांना हे शब्द म्हणून पाहा: रफाराच्या आधीच्या अक्षरावर जोर येतो, ऱ्य च्या आधीच्या अक्षरावर येत नाही. हिब्रूत मिर् हा बंद अवयव आहे, त्यामुळे रफारच बरोबर. टंकताना र, मग हलन्त, मग य. काही फोन-कळफलकांवर नुक्त्याचा ऱ आधी सुचवला जातो आणि चुकीचे रूप उमटते. ते जन्मनोंदीत गेले की दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, म्हणून नोंदीपूर्वी मसुदा डोळ्यांखालून घालावा. मिरियम, मरियम, मरीया, मारिया ही रूपे चुकीची नाहीत, ती वेगवेगळ्या वाटांनी आलेली आहेत. फक्त एका व्यक्तीच्या सगळ्या कागदांवर एकच रूप ठेवा.

---

शोधयात्री

@अक्षरजुळारी, हे कुठल्याच पुस्तिकेत मिळाले नसते. आता एक व्यवहाराचा प्रश्न: अशी दुसरी नावे तपासायची झाली, उदाहरणार्थ एस्तेर किंवा सिप्पोरा, तर कोणत्या क्रमाने जावे?

---

मेम_रेश

आधी मूळ व्यंजने लिहून घ्या. भाषांतरातल्या रूपावरून फोड करू नका, कारण ह, आलेफ, आयिन ही अक्षरे मराठीत येताना मिसळतात किंवा गळतात, आणि तिथेच खोटे धातू जन्माला येतात. मग पाठ स्वतः अर्थ सांगतो का ते पाहा. सांगत असेल तर तो नोंदवा, पण तो बऱ्याचदा श्लेष असतो हे ध्यानात ठेवा. मोशेचा तसाच आहे. नंतर ग्रीक आणि सिरियाक रूप शेजारी ठेवा, म्हणजे स्वर जुने की नवे ते कळते. त्यानंतर धातू. त्यात व्यंजनांची संख्या तंतोतंत जुळली पाहिजे, एखादे उरले किंवा कमी पडले तर कारण देता आले पाहिजे. शेवटी त्या साच्याची दुसरी नावे सापडतात का ते पाहा. एकट्या नावासाठी बनवलेला नियम टिकत नाही.

सिप्पोरा या कसोटीवर सहज उतरते: त्सिप्पोर म्हणजे पक्षी, वर स्त्रीलिंगी प्रत्यय, आणि प्राण्यांवरून नावे ठेवण्याचा साचा आहेच. एस्तेरला वेळ लागतो. तिचे दुसरे नाव हदस्सा (एस्तेर २:७) हिब्रू आहे, एक सुगंधी झुडूप. एस्तेर मात्र फारसी "तारा" की बाबेलची देवी इश्तार हा वाद आहे, आणि त्याच ग्रंथातला मर्दखय हे नाव बाबेलच्या मर्दुक देवावरून असल्यामुळे इश्तारचा पक्ष बळकट होतो. त्यासाठी वेगळा धागा काढावा.

---

पोथीवाचक

१ इतिहासातल्या दोन मिर्यामपैकी एक मोशेची बहीण, दुसरी कोण?

---

रेवदंडेकर

१ इतिहास ४:१७, यहूदाच्या वंशावळीत. वाक्य अडचणीचे आहे. "ती गरोदर राहिली" असे क्रियापद येते पण "ती" कोण हे तिथे सांगितलेले नाही, आणि मुलांची नावे मिर्याम, शम्मय, इश्बह. पुढच्या वचनात फारोची मुलगी बिथ्या येते, म्हणून बरेच संपादक तिचा उल्लेख वर आणून "ती" म्हणजे बिथ्या असे वाचतात. बाकीची दोन नावे पुरुषांची असल्याने हा मिर्याम मुलगा होता असे काही भाष्यकार मानतात. पाठातून लिंग ठरत नाही. रब्बींनी बिथ्या म्हणजे मोशेला पाण्यातून काढणारी फारोची मुलगी, असे जुळवले आहे. नोंद करताना १५ उल्लेखांपैकी हा एक वेगळा ठेवा आणि मोशेच्या बहिणीचे १४ धरा. दुसरा उल्लेख, म्हणजे अम्रामच्या मुलांची यादी, हिब्रू प्रतीत ५:२९ वर आहे आणि मराठी बायबलमध्ये ६:३ वर. क्रमांक जुळला नाही म्हणून वचन गळले असे समजू नका.